सामाजिक करार, सरकारची सत्ता आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक करार म्हणजे थोडक्यात काय?

सरकारला आपल्यावर हुकूम चालवायचा अधिकार कुठून आला, या प्रश्नाचं एक उत्तर. देवाने दिला, वंशपरंपरेने आला, तलवारीने मिळवला, ही जुनी उत्तरं. करारवाले म्हणतात की तो लोकांनी दिला, काही कामासाठी दिला आणि म्हणून त्याला मर्यादा आहेत. काम कोणतं आणि मर्यादा कुठे, यावर त्यांचं आपसांत अजिबात एकमत नाही. पुढची सगळी भांडणं त्यातूनच येतात.

असा करार इतिहासात कधी खरोखर झाला होता का?

नाही. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या प्रवाशांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी एकत्र राहण्याच्या करारनाम्यावर सह्या केल्या, त्याचं उदाहरण नेहमी देतात. पण त्या सह्या प्रौढ पुरुषांच्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर इंग्लंडचा राजा आधीपासून होताच. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये स्पष्ट लिहिलं की आजची बहुतेक सरकारं बळकावणीतून किंवा जिंकण्यातून उभी राहिली आहेत, संमती कुणी विचारली नव्हती.

तरीही कल्पना टिकली, कारण ती कसोटी म्हणून कामाला येते. ‘हे लोकांनी मान्य केलं असतं का?’ हे प्रत्येक कायद्याला विचारता येतं.

हॉब्ज, लॉक आणि रुसो यांच्यात फरक काय? परीक्षेत हमखास येतो.

येतो, आणि बहुतेक गाइडांत तो तीन रकान्यांच्या तक्त्यात कोंबलेला असतो. त्या तक्त्यातून एक गोष्ट गळते: हे तिघंही आपापल्या काळातल्या संकटाला उत्तर देत होते.

थॉमस हॉब्जने इंग्लंडचं यादवी युद्ध पाहिलं. १६४९ च्या जानेवारीत लोकांनी स्वतःच्या राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, डोकं उडवलं. १६५१ मध्ये आलेल्या ‘लेव्हायथन’मध्ये तो म्हणतो की सत्ता नसेल तर माणसाचं आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी आणि अल्प असतं. म्हणून सगळ्यांनी आपले अधिकार एका सार्वभौमाच्या हाती द्यावेत. हा करार लोकांचा लोकांशी आहे, सार्वभौम त्यात पक्षकार नाही. म्हणजे करार मोडल्याचा आरोप त्याच्यावर ठेवताच येत नाही! पण हॉब्जकडेही एक तळ आहे. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क कुणी सोडू शकत नाही, आणि सार्वभौम संरक्षण देऊ शकेल तोवरच त्याची आज्ञा पाळायची. हे वाक्य लक्षात ठेवा, आणीबाणीच्या प्रश्नात लागेल.

जॉन लॉकचं वातावरण वेगळं. १६८८ मध्ये इंग्लंडने दुसऱ्या जेम्सला घालवलं, १६८९ मध्ये पार्लमेंटने हक्कांची सनद केली आणि त्याच सुमारास लॉकचे शासनावरचे दोन प्रबंध छापले गेले. त्याच्या मते जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क सरकारच्या आधीचे आहेत. सरकार त्यांचं विश्वस्त आहे आणि विश्वस्ताने घात केला तर लोक त्याला बदलू शकतात. १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्यात हाच सूर आहे. (हाच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भागधारक होता. तक्त्यात हेही यायला हवं.)

रुसो जिनिव्हाचा. १७६२ मध्ये त्याचं ‘सामाजिक करार’ आलं आणि जिनिव्हातच ते जाळलं गेलं. ‘माणूस स्वतंत्र जन्मतो, पण सगळीकडे तो बेड्यांत आहे’ हे वाक्य त्याचंच. लॉकला सरकार आटोक्यात ठेवायचं होतं, रुसोला लोकांनीच सार्वभौम व्हायला हवं होतं. त्याची ‘सामान्य इच्छा’ म्हणजे सगळ्यांच्या स्वार्थांची बेरीज नाही, ती समाजाच्या हिताची इच्छा. ती न मानणाऱ्याला ‘स्वतंत्र व्हायला भाग पाडावं’ असंही तो लिहून गेला. मला रुसोतलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच वाटतं. समाजाचं खरं हित मलाच कळतं असं म्हणणारा प्रत्येक पुढारी त्याच्या आडोशाला उभा राहू शकतो.

ही कल्पना पूर्णपणे युरोपची आहे का?

नाही. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या अग्गञ्ञ सुत्तात बुद्ध सांगतात की शेतांच्या सीमा पडल्या, चोरी सुरू झाली, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यातलाच एक माणूस निवडला. दोषी असेल त्याला त्याने शिक्षा करायची आणि बदल्यात लोकांनी त्याला भाताचा वाटा द्यायचा. बहुजनांनी संमत केला म्हणून तो ‘महासम्मत’. इथे राजा म्हणजे कामावर ठेवलेला माणूस आहे, आणि त्याचा पगारही ठरलेला आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात मत्स्यन्यायाची गोष्ट आहे. मोठा मासा लहान माशाला खातो तशी अवस्था झाली तेव्हा लोक ब्रह्मदेवाकडे गेले. त्याने मनूला राजा व्हायला सांगितलं, पण मनू आधी कबूल होईना, कारण राज्य करणं म्हणजे पापाचा धंदा. मग लोकांनी पशू आणि सोन्याचा पन्नासावा, धान्याचा दहावा भाग देऊ केला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ही कथा येते, तिथे धान्याचा वाटा सहावा आहे. अनुशासनपर्व तर म्हणतं की ‘मी रक्षण करीन’ असं सांगून जो राजा रक्षण करत नाही, त्याला लोकांनी एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. लॉकसुद्धा इतकं रोखठोक बोलला नाही.

मात्र ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणून मिशीला पीळ देऊ नये. त्या ग्रंथांत राजाला जाब विचारणारी संस्था नाही. तिच्याविना करार राजाच्या शहाणपणावर चालतो.

मी कुठेही सही केलेली नाही. मग मी का बांधील?

हा या सिद्धान्तावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत चांगला आक्षेप. लॉकचं उत्तर ‘मूक संमती’चं: देशाच्या रस्त्यावरून चालता, संरक्षण घेता, म्हणजे मान्य आहे. घरबांधणी सोसायटीत फ्लॅट घेतला की उपविधी न वाचताही ते लागू होतात, तसं काहीसं. पण फ्लॅट विकून जाता येतं. ह्यूमने नेमकं तिथेच बोट ठेवलं: ज्याला परकी भाषा येत नाही, रोजच्या मजुरीवर जो जगतो, त्या गरिबाला ‘आवडत नसेल तर देश सोड’ म्हणणं म्हणजे झोपेत जहाजावर चढवलेल्या माणसाला ‘तुला कप्तान मान्य आहे, नाहीतर समुद्रात उडी मार’ असं सांगणं.

विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने प्रश्नच बदलला. १९७१ च्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, समजा जन्माला येण्याआधी तुम्हाला माहीत नाही की तुम्ही श्रीमंत असाल की गरीब, कुठल्या वंशाचे, किती हुशार. अशा अज्ञानाच्या पडद्याआडून तुम्ही कोणते नियम निवडाल? आपल्याकडे त्या यादीत जात घालून हा प्रयोग करून पाहा. पडद्याआडून कुणी जातिव्यवस्था निवडेल का?

‘आम्ही भारताचे लोक’ हा आपला करार म्हणायचा का? संविधान सभा तर सगळ्यांनी निवडलेली नव्हती.

खरं आहे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदानाचा हक्क मालमत्ता, शिक्षण वगैरे अटींवर होता आणि त्या कायदेमंडळांनी संविधान सभेचे सदस्य निवडले. म्हणजे ‘आम्ही’मधल्या बहुसंख्य लोकांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

पण त्याच सभेने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. साक्षर असो वा नसो, बाई असो वा पुरुष, जमीन असो वा नसो. १९५१-५२ पासून लोक मतदान करत आले, सरकारं पाडत आले, दुरुस्त्यांवर भांडत आले. मला वाटतं आपली संमती ही २६ नोव्हेंबर १९४९ ची एका दिवसाची घटना नाही, ती हप्त्याहप्त्याने दिली जाते आणि म्हणून रोखूनही धरता येते.

सरकारनेच करार मोडला तर?

याची आपली स्वतःची परीक्षा होऊन गेली आहे. २५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. हजारो लोक खटल्याविना तुरुंगात गेले. अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं की अटक बेकायदा असेल तर आम्ही तपासू शकतो. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली: आणीबाणीत अनुच्छेद २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित आहे, त्यामुळे कोर्टात दाद मागता येणार नाही.

सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तरीही उपाय नाही का? आमच्या युक्तिवादानुसार नाही, असं उत्तर आलं. आता हॉब्जचं ते वाक्य आठवा. राजेशाहीचा इतका कडवा समर्थकसुद्धा जिवाचा हक्क सोडायला तयार नव्हता. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं, आणि त्यांनी राजीनामा दिला.

बहुमतातल्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्दबातल ठरवला आणि त्यातला प्रमुख निकाल लिहिला त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. कोर्टाला स्वतःची चूक मान्य करायला ४१ वर्षं लागली.

लोकांनी मात्र इतका वेळ घेतला नाही. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत आणीबाणीचा निषेध केला, पुढे त्यांना अटक झाली. मार्च १९७७ मध्ये मतदारांनी सरकारच बदललं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दोन कुलपं बसली: ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणाऐवजी ‘सशस्त्र उठाव’ आला, आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं.

प्रचंड बहुमत असेल तर सरकार संविधानात काहीही बदलू शकतं का?

नाही. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात १३ न्यायमूर्तींचं पीठ ७ विरुद्ध ६ असं विभागलं गेलं. एका मताच्या आघाडीने ठरलं की संसद संविधान दुरुस्त करू शकते, पण त्याची मूळ चौकट मोडू शकत नाही. अर्जदार केरळातल्या मठाचे स्वामी, वाद जमिनीचा, आणि त्यांची बाजू मांडणारे मुंबईचे नानी पालखीवाला.

‘निवडून न आलेले न्यायाधीश लोकांच्या प्रतिनिधींना अडवतात’ ही तक्रार निराधार नाही. मूळ चौकटीत काय काय येतं याची पक्की यादीही कोर्टाने केलेली नाही. तरी पाच वर्षांच्या बहुमताने कायमचा करार बदलू नये, हे तत्त्व मला पटतं. आजचं बहुमत उद्याच्या मतदाराचं मत काढून घेऊ लागलं तर तक्रार करायला जागाच उरणार नाही.

मोर्चा, सत्याग्रह, कायदेभंग हे करारात बसतं का? बाबासाहेबांनी तर त्याला ‘अराजकाचं व्याकरण’ म्हटलं होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातलं हे वाक्य दोन्ही बाजूंचे लोक अर्धवट वापरतात. त्यांचं म्हणणं असं होतं की घटनात्मक मार्गच उपलब्ध नव्हते तेव्हा असहकार, सत्याग्रह यांचं समर्थन करता येत होतं. आता मार्ग खुले आहेत, तेव्हा ते सोडा. म्हणजे युक्तिवाद सशर्त आहे. घटनात्मक मार्ग खरोखर खुले ठेवण्याची जबाबदारी सरकारवर येते.

शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्येच आहे. मोर्चा म्हणजे करारभंग नव्हे. त्याच भाषणात राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा रस्ता आहे असंही ते म्हणाले होते. ते वाक्य कमी वेळा ऐकू येतं.

या सगळ्या सिद्धान्तात जात कुठे बसते?

बसत नाही, आणि मला त्यातली सर्वांत मोठी फट हीच वाटते. युरोपातल्या चित्रात दोनच पात्रं आहेत: एकटा माणूस आणि सरकार. आपल्याकडे मध्ये तिसरं पात्र उभं असतं, समाज. अनेकदा सरकार देतं आणि समाज अडवतो.

महाडचं उदाहरण घ्या. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर सगळं झालं होतं, पण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ले केले आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती. रुसोच्या विचारांवर वाढलेली ती सभा राजाशी भांडत होती, महाडची सभा शेजाऱ्याशी. म्हणून आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५(२) नीट वाचा: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. हे बंधन एकट्या सरकारवर नाही, एका नागरिकाने दुसऱ्याला अडवण्यावरही आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली तीही सरकारी कार्यालयापुरती नाही. तिसऱ्या पात्राला करारात ओढून आणण्याचं काम या कलमांनी केलं.

त्याआधी जोतीराव फुल्यांनी हिशेबाची बाजू मांडली होती. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी दाखवलं की सरकारचा मोठा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. कर घेता एकाकडून, देता दुसऱ्याला, हा कुठला न्याय? ‘मानवाचे हक्क’ लिहिणारा थॉमस पेन वाचलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो.

पश्चिमेतही असे आक्षेप आले, पण फार नंतर: कॅरोल पेटमन यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या बाजूने आणि चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये वंशाच्या बाजूने दाखवलं की करार करणारे ‘सगळे’ म्हणजे प्रत्यक्षात काही मोजकेच.

कर भरतो म्हणून मला जास्त हक्क आहेत का?

नाहीत. आणि कर भरत नाही असा माणूस जवळजवळ नसतोच, साबण घेणाराही जीएसटी भरतो.

तरी कर आणि काम यांचा थेट धागा पाहायचा असेल तर पगाराची पावती काढा. महाराष्ट्रात त्यात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना राज्यभर उभी राहिली, ‘मागेल त्याला काम’. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा पैसा द्यायचा आणि मजुराने ते काम हक्काने मागायचं. सामाजिक कराराचं याहून रोकडं उदाहरण मला माहीत नाही.

सुरक्षेसाठी किती स्वातंत्र्य सोडायचं?

२०१७ च्या त्याच खासगीपणाच्या निकालाने कसोटी दिली आहे: त्यासाठी कायदा आहे का, हेतू रास्त आहे का, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात आहे का. ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला’ हे कसोटीत कुठेही नाही.

मी एकटा माणूस. सरकारकडे हिशेब मागायचा कसा?

माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपये शुल्क, साध्या कागदावर अर्ज, ३० दिवसांत उत्तर. प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘फाइलवरच्या नोंदींची प्रत द्या’ असं मागा, टोलवाटोलवीला कमी वाव राहतो.

दाखला, परवाना, नोंद अशी सेवा अडली असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील, त्यानंतर आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, मुदत तिथून मोजतात.

मूलभूत हक्कच मोडला असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आणि ३२ खाली सर्वोच्च न्यायालय.

गावपातळीवर हे कुठे दिसतं का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. गोंड वस्तीचं हे गाव ग्रामसभेत निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेतं. रुसोला अशीच लहान गावं हवी होती. त्याच्या मते सार्वभौमत्व प्रतिनिधीकडे सोपवताच येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. हक्क गावाचा आणि परवान्याचं पुस्तक खात्याचं, अशी गंमत. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. सहमतीने चालणं वेळखाऊ आहे आणि मुंबईसारख्या शहरात ते जमणारही नाही, हे खरंच.

मी परदेशात स्थायिक आहे. माझा करार कुणाशी?

पासपोर्टवर अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर २०१० च्या दुरुस्तीनंतर तुम्ही पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवू शकता, मात्र मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, आणि मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येणं-जाणं, राहणं सोपं होतं, मत मिळत नाही. तिथे कर भरून मतदान न करणारे आणि इथे मत असून विमानभाड्यामुळे येऊ न शकणारे असे बरेच मराठी लोक या दोन करारांच्या मध्ये राहतात. लॉकच्या मूक संमतीत त्यांची सोय नाही.